टूरच्या बसमधून उतरल्यावरचं बँकॉक

मुंबई-पुण्याहून थायलंडला जाणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांचा कार्यक्रम ठरलेला असतो. दोन-तीन रात्री पट्टाया, कोरल आयलंड, मग बँकॉकला येऊन सफारी वर्ल्ड, दागिन्यांचं एखादं मोठं दालन आणि शेवटी अर्धा-एक दिवस ‘खरेदीसाठी मोकळा’. तो मोकळा दिवस हॉटेलजवळच्या मॉलमध्ये बॅगा भरण्यात जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तो वाढवून घ्या. जमलं तर दोन-तीन दिवस बस सोडा आणि आपले आपण फिरा. नकाशा वाचता येणाऱ्या कुणालाही, मग ती एकटी बाई असो की आजी-आजोबांना घेऊन निघालेलं कुटुंब, बँकॉक झेपण्यासारखं शहर आहे. मात्र कशात बसायचं आणि बसल्यावर कसं वागायचं, या दोन्ही गोष्टी बरोबरीनं शिकाव्या लागतात. आपल्यामुळे समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये, याची थाई माणूस दिवसभर काळजी घेत असतो. गाडीतली शांतता, धक्क्यावरची रांग, नकार देतानाही चेहऱ्यावर असलेलं हसू, हे सगळं त्यातूनच येतं. ते ओळखलं की शहर आपल्याला सांभाळून घेतं.

आधी ऋतूचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत बरे. आपल्या शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये पडतात आणि नेमका तेव्हाच तिथला उन्हाळा कडक असतो. एप्रिलात जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत बाहेर पडा, दुपार खोलीत किंवा मॉलमध्ये काढा आणि चारनंतर पुन्हा निघा. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष असतं. त्या दिवसांत सिलोमसारख्या रस्त्यांवर पाण्याची अक्षरशः लढाई चालते, आणि कुणीही कुणालाही भिजवतं. फोन आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची तयारी असेल तर हा सण जरूर अनुभवावा.

कागदपत्रांपैकी एक विसरू नका. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनाचं डिजिटल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, सरकारी संकेतस्थळावर आणि पूर्णपणे मोफत भरता येतं. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही एवढं समजा. भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघून घ्या. ई-सिगारेट घरीच ठेवा, कारण ती थायलंडमध्ये नेणं बेकायदा आहे.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि जुना डॉन मुआंग. तिकिटावर कुठला आहे हे जाताना आणि येतानाही तपासा. टॅक्सीवाल्याला ‘सुवर्णभूमी’ कळेलच असं नाही, ‘सुवन्नाफूम’ म्हणा. तिथून शहरात यायला तळमजल्याखालून रेल्वे निघते. साधारण अर्ध्या तासात ती फया थाई स्टेशनला पोहोचवते आणि शेवटपर्यंतचं भाडं ४५ बाट आहे. चौघे असाल आणि बरोबर मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच परवडते. मीटरच्या भाड्यावर विमानतळाचा ठरलेला अधिभार आणि वाटेतला टोल आपणच द्यायचा असतो, त्यावरून वाद घालू नका. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ दीड तास पुढे आहे. रात्रीच्या विमानानं पहाटे उतरणाऱ्यांनी खोली दुपारपर्यंत मिळणार नाही हे धरून चालावं.

हॉटेल निवडताना पोहण्याच्या तलावाचे फोटो बघण्याआधी जवळच्या रेल्वे स्टेशनचं अंतर बघा. चालत पाच-सात मिनिटांत स्टेशन गाठता आलं पाहिजे. बँकॉकची वाहतूककोंडी सकाळ-संध्याकाळ इतकी दाट असते की तीन किलोमीटरला तास लागू शकतो. स्टेशनापासून लांबचं स्वस्त हॉटेल टॅक्सीभाड्यात आणि वेळात महाग पडतं. खाओ सान रस्त्याचं नाव खूप ऐकू येतं, पण तिथे लागून रेल्वे नाही. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर तिकडे राहू नका.

उन्नत मार्गावरून धावणारी बीटीएस रेल्वे ५ डिसेंबर १९९९ रोजी सुरू झाली. तिच्या सुखुमवित आणि सिलोम या दोन मुख्य मार्गिका सियाम स्टेशनात एकत्र येतात. भुयारी एमआरटी २००४ मध्ये आली. या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि तिकिटंही वेगळी आहेत. नवख्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, कारण जिथे दोन्ही मार्ग एकमेकांना भेटतात तिथे एकाच जागी स्टेशनची दोन नावं असतात. बीटीएसचं आसोक म्हणजे एमआरटीचं सुखुमवित, साला डाएंग म्हणजे सिलोम, मो चित म्हणजे चतुचक पार्क. ही तीन जोडनावं कागदावर लिहून ठेवलीत तर निम्मी वाट सोपी होते. एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप करायचं कार्ड चालतं, पण माणशी एक कार्ड लागतं आणि बँकेकडून त्यावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार निघण्याआधी चालू करून घ्यावे लागतात. बीटीएसला यंत्रातून एका फेरीचं तिकीट काढा किंवा खिडकीवर रॅबिट कार्ड घ्या. कार्डासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो.

फलाटावर दाराच्या दोन्ही बाजूंना बाण आखलेले असतात. त्यांच्यामागे उभं राहायचं, उतरणाऱ्यांना मधून वाट द्यायची. आत खाणं-पिणं बंद. राखीव जागा म्हातारे, गरोदर बायका, लहान मुलं यांच्यासाठी असतात तशाच भगव्या वस्त्रातल्या भिक्खूंसाठीही असतात. बाईनं भिक्खूला स्पर्श करायचा नाही, हातात वस्तूही द्यायची नाही; गर्दीत जरा अंतर ठेवून उभं राहिलं की झालं. आणि आवाज. हे जरा जोर देऊन सांगते, कारण आपण इथेच कमी पडतो. दहा जणांचा आपला घोळका डब्यात शिरतो, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाका मारतो, फोन स्पीकरवर टाकून घरच्यांशी बोलतो. कुणी काही बोलत नाही, कुणी रागानं बघतही नाही, म्हणून चालतं असा आपला समज होतो. त्यांना ते खुपत असतं. शेजारच्याशी बोलण्यापुरता आवाज ठेवा, मुलांनाही आधीच सांगून ठेवा.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्टेशनांवर, बागांमध्ये, सरकारी इमारतींच्या आवारात राष्ट्रगीत लागतं. चालणारे सगळे जागच्या जागी थांबतात. तुम्हीही थांबा. सिनेमा सुरू होण्याआधी राजाचं गीत वाजतं, तेव्हा उभं राहायचं. राजघराण्याबद्दल कौतुक सोडून काहीही बोलू नका, हॉटेलच्या खोलीबाहेर थट्टा तर नकोच. फौजदारी संहितेच्या ११२व्या कलमाखाली राजा, राणी किंवा युवराज यांच्या अवमानाला प्रत्येक गुन्ह्यासाठी ३ ते १५ वर्षांची कैद आहे, आणि समाजमाध्यमांवरच्या मजकुरासाठीही लोकांना शिक्षा झाल्या आहेत. नोटांवर राजाचं चित्र असतं. वाऱ्यानं उडालेली नोट पायानं दाबून धरू नका.

आता नदी. मला विचाराल तर बँकॉक बघायची खरी जागा चाओ फ्राया नदीवरची बोट. बीटीएसच्या साफान ताक्सिन स्टेशनातून खाली उतरलं की समोरच साथॉन धक्का लागतो. तिथे पर्यटकांच्या बोटीचं तिकीट विकणारे पुढे येतात. तीही वाईट नसते, पण शहरातली माणसं ज्या बोटीनं जातात ती नारिंगी झेंड्याची. तिचं भाडं अंतर कितीही असलं तरी एकच, १६ बाट. तिकीट बोटीवरच कंडक्टर देते, तिच्या हातातला लांब पत्र्याचा डबा खुळखुळत असतो. सुटे पैसे तयार ठेवा. बोट धक्क्याला लागते ती क्षणभरच, खलाशी शिट्टी वाजवून चालकाला खुणा करतो. त्यामुळे उतरण्याआधी उठून मागच्या बाजूला या, पण बोट पूर्ण टेकल्याशिवाय पाऊल टाकू नका. संध्याकाळी ही सेवा लवकर थांबते, परतीचं गणित आधी करा.

या बोटीनं ता चांग धक्क्यावर उतरलं की राजवाडा आणि वाट फ्रा काएव (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे देऊळ), ता तिएनला उतरलं की वाट फो. वाट फोमधला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात शुभचिन्हं कोरलेली आहेत. त्याच आवारात पारंपरिक मालिशचं जुनं शिक्षण केंद्र आहे. ‘नुआद थाई’ ही मालिशविद्या युनेस्कोनं २०१९ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात घेतली. ता तिएनहूनच पलीकडे जाणारी छोटी होडी काही बाटात वाट अरुणला सोडते. हे सगळं एका दिवसात होतं, पण राजवाडा सकाळी साडेआठला उघडल्या उघडल्या गाठा. तिकीट ५०० बाट आहे आणि दुपारी साडेतीनला तिकीटविक्री बंद होते. वाट फ्रा काएवच्या भोवतीच्या ओवऱ्यांमध्ये अख्खं रामकियन, म्हणजे थाई रामायण, भिंतींवर रंगवलेलं आहे. वाटाड्या नसला तरी मराठी माणसाला त्यातले प्रसंग ओळखता येतात. सेतू, लंकादहन, कुंभकर्ण मुलांना शोधायला लावा. तिथला हनुमान मात्र पांढरा आहे आणि आपल्यासारखा ब्रह्मचारी नाही.

राजवाड्याच्या बाहेर नीटनेटक्या कपड्यातला, गोड बोलणारा कुणी माणूस सांगेल की आज सण आहे, राजवाडा बंद आहे, तोवर दुसरी देवळं दाखवतो, टुकटुक वीस बाटात फिरवेल. ही फसवणूक जुनी आहे आणि ती शिंप्याच्या किंवा रत्नांच्या दुकानात जाऊन संपते. हसून मान हलवा आणि फाटकापर्यंत स्वतः चालत जा. राजवाडा उघडा आहे की नाही हे फाटकावरच कळेल.

देवळातले रीतिरिवाज आपल्याला परके वाटत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, राजवाड्यात तर अर्ध्या चड्डीतल्या पुरुषांनाही परत पाठवतात. चपला बाहेर काढायच्या, उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडायचा. बुद्धमूर्तीसमोर बसताना पाय मागे दुमडून घ्या, तळवे मूर्तीकडे होऊ देऊ नका. पाय हा शरीराचा हलका भाग आणि डोकं पवित्र, म्हणून कुणाच्या लहानग्याच्या डोक्यावर कौतुकानंही हात ठेवू नका. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणं त्यांना फार लागतं. राचप्रसोंग चौकात, चित लोम स्टेशनाखाली, चतुर्मुख ब्रह्मदेवाचं एरावान देवस्थान आहे. १९५६ मध्ये ते उभं राहिलं. भर रस्त्यात कचेरीला निघालेली माणसं तिथे झेंडूच्या माळा वाहतात. तुम्हीही वाहा, फक्त नवस फेडायला आलेल्यांच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा धरू नका.

थाई नमस्काराला ‘वाय’ म्हणतात. धाकट्यानं आधी करायचा, थोरल्यानं उत्तर द्यायचं. दुकानातल्या मुलीनं केला तर हसून मान लववली तरी पुरे. वयानं मोठ्या माणसानं केला तर मात्र हात जोडा. बोलणाऱ्या पुरुषानं वाक्याच्या शेवटी ‘ख्रप’ आणि बाईनं ‘खा’ म्हटलं की बोलणं आदराचं होतं: ‘सवादी खा’, ‘खोप खुन ख्रप’. खाणावळीत वाढणाऱ्याला हाक मारताना आपण दादा, ताई म्हणतो तसं तिथे मोठ्याला ‘फी’ आणि धाकट्याला ‘नाँग’ म्हणतात. टिचक्या वाजवून किंवा बोट नाचवून बोलावू नका. चिडून आवाज चढवला तर काम होत नाही, ते तिथेच थांबतं. दार बंद झालेल्या काउंटरवरसुद्धा शांतपणे विचारणाऱ्यासाठी वाट निघते.

रस्त्यावरची वाहनं. टॅक्सीच्या काचेत लाल दिव्याची थाई अक्षरं पेटलेली असली की ती मोकळी आहे. ‘मीटर’ एवढाच शब्द म्हणा. नाही म्हणाला तर दार हळू लावा आणि दुसरी बघा. ग्रॅब आणि बोल्ट ही दोन्ही ॲप चालतात आणि भाषेचा प्रश्न सुटतो. हजाराची नोट टॅक्सीवाल्याला देऊ नका, सुटे नसतात. टुकटुकला मीटर नाही. मजा म्हणून एकदा बसा, भाडं बसण्याआधी ठरवा, आणि तो वाटेत कुठल्या दुकानात ‘पाच मिनिटं’ थांबू म्हणाला तर तिथेच उतरा.

पत्ते शोधताना सोई, म्हणजे मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्या, समजून घ्या. सम आकडे एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजूंची मोजणी बरोबरीनं चालत नाही. सुखुमवितवर ५५ नंबरच्या सोईसमोर ३८ नंबरची आहे. ‘समोरच असेल’ म्हणून उतरलं तर उन्हात बरंच चालावं लागतं. सोईच्या तोंडाशी नारिंगी जॅकेट घातलेले मोटारसायकलवाले बसलेले असतात, ते आत सोडतात. फलकावर दर लिहिलेले असतात. हेल्मेट मागून घ्या. सेन सेप कालव्यातली लांब बोट हा कोंडी टाळायचा आणखी एक मार्ग. ती प्रातुनामच्या बाजारापासून जुन्या शहराच्या कडेला, सोनेरी टेकडीच्या देवळापाशी नेते. पाणी काळं आणि वासाचं आहे, बाजूची ताडपत्री प्रवाशांनीच दोरीनं वर ओढायची असते. चढ-उतार चपळाईनं करावा लागतो, गुडघे दुखणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

शाकाहाराची काळजी सगळ्यांना असते, आणि ती रास्त आहे. भाजीच्या पदार्थातही मासळीचं ‘नाम प्ला’, कालव्यांचं सॉस किंवा कोळंबीची ‘कापी’ असते. पपईच्या सोम तामवर सुकी कोळंबी पडते. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. दोन शब्द पाठ करा. ‘मांगसाविरात’ म्हणजे शाकाहारी, यात अंडं आणि दूध येऊ शकतं. ‘जे’ म्हणजे त्याहून कडक. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पताकेवर लाल रंगातली, इंग्रजी सतरा आकड्यासारखी दिसणारी खूण जिथे असेल तिथे ‘जे’ जेवण मिळतं. जैन मंडळींना आणि चातुर्मास पाळणाऱ्यांना ही खूण म्हणजे फार मोठा आधार आहे, आणि ती पाकिटांवरही छापलेली असते. चिनी चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस ‘जे’ उत्सव असतो. आपलं नवरात्र बहुतेक वर्षी जवळपास त्याच वेळी येतं. तेव्हा याओवारात या चिनी वस्तीतला रस्ताच पिवळा होतो, आणि तिकडे सिलोममध्ये, ज्याला थाई लोक वाट खेक म्हणतात त्या मारिअम्मन देवळातून दसऱ्याला देवीची मिरवणूक निघते. सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणार असाल तर तारखा जुळवा. घरचं जेवण हवंच असेल तर पाहुरात भागात गुरुद्वाराच्या आसपास भारतीय खाणावळी आहेत.

मांसाहारी असाल तर रस्त्यावर निर्धास्त खा, गर्दी असलेल्या गाडीवर खा. ‘माय फेत’ म्हटलं तर तिखट कमी घालतील, पण त्यांचं ‘थोडं’ आपल्या तिखटाला भारी पडू शकतं. भात चमच्यानं खातात, काटा फक्त ढकलायला, चॉपस्टिक्स नूडल्सपुरत्या. सगळे पदार्थ मध्ये ठेवून वाटून घ्यायची पद्धत आहे, एका वेळी एका पदार्थाचा एखादा चमचा वाढून घ्यावा. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, ‘खाओ निआव मामुआंग’, कोकणातल्या माणसानं चुकवू नये. नळाचं पाणी पिऊ नका.

पाकिटावरची तारीख बघून दचकू नका. थायलंडमध्ये बुद्धवर्ष चालतं, ते इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे असतं. २०२६ म्हणजे २५६९. दुधाच्या पिशवीवर, पावतीवर, औषधावर हीच तारीख असते. परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढताना दर वेळी २०० बाटच्या वर शुल्क कापलं जातं, म्हणून थोडे-थोडे काढू नका.

थायलंडचं नाव काढलं की आपल्याकडच्या काही पुरुषांच्या बोलण्यात एक सूर येतो. मालिश करणाऱ्या, दुकानात उभ्या असलेल्या, बोटीवर तिकीट देणाऱ्या बाया तिथे आपापलं काम करून घर चालवत असतात. त्यांच्याकडे त्या नजरेनं बघू नका, परवानगीशिवाय त्यांचे फोटो काढू नका. बरोबरच्या कुणी तसं केलं तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

अडचण आलीच तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे, तिथे इंग्रजी बोलता येतं. रुग्णवाहिकेसाठी १६६९. पासपोर्टची छायाप्रत वेगळ्या पिशवीत ठेवा.

आणि परतताना बुद्धमूर्ती घ्यायची असेल तर ती देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाचा परवाना लागतो, दुकानदाराला आधीच विचारा. शहरात गांजाची दुकानं उघडी दिसतील. भारतात तो आणणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात मुंबई विमानतळावर तो वारंवार पकडला गेला आहे. सहप्रवासी कितीही ओळखीचा वाटला, कितीही अजिजीनं म्हणाला, तरी त्याची बॅग आपल्या नावावर चढवू नका, त्यानं दिलेलं खाऊचं पाकीटही घेऊ नका. बॅग स्वतः भरा, कुलूप लावा आणि किल्ली आपल्याजवळ ठेवा.